शाळा सोडलेल्या लेकीला घेऊन घाटनांदूरला

मिरजेत आमच्या ओळखीपाळखीत बीड जिल्ह्यात जाऊन आलेलं कोणी नव्हतं, पण सल्ला प्रत्येकाकडे होता. "तिकडं कशाला? आणि एकटी बाईमाणूस, लहान पोरीला घेऊन?" शेजारच्या काकूंनी विचारलं. मी "मैत्रिणीकडं" एवढंच म्हणाले. ते धड खरं नव्हतं. जिच्याकडं निघाले होते तिला मी एकदाही पाहिलेलं नव्हतं.

माझी मुलगी जुई नऊ वर्षांची. पहिलीत असताना फार बडबड करते म्हणून तिच्या वर्गशिक्षिकेनं तिच्या तोंडाला चिकटपट्टी लावली आणि अर्धा तास बाकावर उभं केलं. तेव्हापासून घराबाहेर तिचं बोलणंच थांबलं. दुकानदार, पाहुणे, डॉक्टर, कुणाशी म्हणून कुणाशी नाही. समुपदेशक बाईंकडं वर्षभर नेलं. त्या म्हणाल्या, घाई करू नका. दुसरी अर्धी झाल्यावर आम्ही तिला शाळेतून काढलं, मी नोकरी सोडली आणि तिला घरीच शिकवू लागले.

घरी शिकवणाऱ्या पालकांचा एक गट आमच्या भागात होता. सुरुवात आरतीनं, शेवट प्रवचनानं. आमच्या घरात देवघर नाही. मी आणि माझा नवरा मंगेश, दोघंही मानत नाही. जे मानतात त्यांच्याशी आमचं भांडणही नाही. पण ग्रहणात जेवलं की अन्नाचं विष होतं असं एक दिवस मुलांना सांगायला लागले, तेव्हा मी हात वर करून "असं नसतं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातून मला काढलेलं होतं. कुणी एका शब्दानं बोललं नाही. भाजी मंडईत त्यातली एक जण दिसली तर तिनं पेंडीतली कोथिंबीर निवडायला घेतली.

त्यानंतरचं वर्ष मी एकटीनं काढलं. रोज सकाळी वही उघडताना एकच प्रश्न यायचा. आपण या मुलीचं वाटोळं करतोय का, हे विचारायलाही कुणी नव्हतं. मंगेश म्हणाला, "जूनपर्यंत बघू. नाहीतर शाळा. तू एकटी पडलीयस, आणि तिलाही आपण एकटं पाडतोय." त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना.

अशात इंटरनेटवरच्या एका चर्चेत माझ्या प्रश्नाखाली शमीम नावाच्या बाईचं उत्तर आलं. 'अंबाजोगाईत आम्ही घरी शिकवणारी चार घरं आहोत. कुणी नमाज पढतं, कुणी पूजा करतं, कुणी काहीच नाही. अभ्यासाच्या चटईवर ते आणायचं नाही, एवढा एकच नियम. या एकदा.' ते उत्तर मी इतक्यांदा वाचलं की मंगेशनंच तिकिटं काढून दिली.

परळी वैजनाथ

जानेवारी संपत आला होता. परळीला उतरलो तेव्हा थंडीत सगळ्यावर एक राखी रंग होता. औष्णिक वीज केंद्राची राख वाऱ्यानं कुठंकुठं जाऊन बसते. कडुनिंबाच्या पानावर जुईनं बोट फिरवलं तर खालून हिरवं निघालं. तिनं बोट मला दाखवलं. बोलली नाही, कारण आजूबाजूला माणसं होती.

रिक्षावाल्याला बसस्टँड म्हटलं तर तो मागं वळून बघायलाच लागला. "दर्शन न्हाई घ्यायचं? ज्योतिर्लिंग हाय ताई. लोक कुठून कुठून येतेत."

"आज जरा घाई आहे," मी म्हणाले.

"घाई? पाहुणे कोण म्हणायचे तुमचे?"

मी शमीमचं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही ते मला त्या क्षणी कळलं आणि माझीच मला लाज वाटली. धर्म मानत नाही म्हणणारी मी, एक नाव उच्चारायला घाबरले. तो बिचारा सरळ माणूस होता. स्टँडवर उतरवताना त्यानं जुईच्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवला आणि "पुढच्या बारीला दर्शनाला ये गं" म्हणाला. जुईनं पेढा खाल्ला आणि माझ्या ओढणीआड गेली.

अंबाजोगाई

परळीहून रस्ता बालाघाटावर चढतो. दोन्हीकडं हुरड्यात आलेली ज्वारी, मधे करडईचे पिवळे काटेरी पट्टे. आमच्याकडं कृष्णाकाठी डोळ्यांना उसाशिवाय काही दिसत नाही. इथं नजर लांबपर्यंत जाते आणि मधे कुठंच टेकत नाही. मला त्याचंही दडपण आलं.

शमीमआपा स्टँडवर घ्यायला आल्या होत्या. पन्नाशीकडं झुकलेल्या, सडपातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम त्यांनी बरीच वर्षं केलेलं. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून देतात. घराच्या पुढच्या खोलीत तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि मागच्या खोलीत ती प्रसिद्ध चटई.

दुपारी चारही घरं जमली. सात मुलं होती. शमीमआपांची मोठी मुलगी सना लहानांना चुंबक आणि तार घेऊन काही दाखवत होती. एक नर्सबाई होत्या, एक मेंढरं सांभाळून शेती करणारं जोडपं होतं, आणि शिवणकाम करणारी एक आई. मी सांगलीकडची पद्धत म्हणून सगळ्यांना वाकून नमस्कार करायला गेले, तर आपांनी दंड धरून वर उठवलं. "बैठो, बैठो. पहिलं जेवा."

खट्टी दाल, भात आणि तव्यावरचं वांगं होतं. आमच्या कांदालसूण चटणीच्या जिभेला ती चिंचेची आंबट दाल आधी विचित्र लागली, मग मी तीनदा घेतली.

जुई चटईवर आली नाही. कोपऱ्यातल्या शिलाई मशीनच्या खाली जाऊन बसली. आता कुणीतरी म्हणणार, "बाळा, नाव काय तुझं?" ती उत्तर देणार नाही, सगळे माझ्याकडं बघणार. गेली तीन वर्षं हेच होत आलं होतं. पण आपांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. कुणीही तिला बोल म्हटलं नाही. थोड्या वेळानं सनानं एक चुंबक जमिनीवरून मशीनखाली सरकवलं आणि तशीच पुढं शिकवत राहिली.

संध्याकाळी मी आपांना भीतभीत जुईच्या वह्या दाखवल्या. त्यांनी मराठीच्या पटापट चाळल्या. गणिताच्या वहीवर थांबल्या.

"गणित आपल्याला कळत न्हाई तितकं. हे प्रयागबाईंना दाखवा. घाटनांदूरला राहतेत. आमची सगळी पोरं त्यांच्याकडंच जातेत गणिताला."

"कशा आहेत त्या?"

आपांनी वही मिटली. "खरं सांगतेत. लई खरं सांगतेत."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

घाटनांदूर

प्रयागबाईंचं घर गावाबाहेर, त्यांच्या शेतातच. सत्तरीच्या, ठेंगण्या, कपाळ मोठं, आवाज अजून वर्गातला. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला ओसरीवर बसायला सांगितलं आणि जुईपुढं पाटी ठेवली. एकही प्रश्न तोंडी विचारला नाही. पाटीवर लिहायच्या, जुई पाटीवर उत्तर लिहायची. अर्धा तास दोघी एक अक्षर न बोलता पाटी इकडून तिकडं सरकवत होत्या.

मग बाईंनी जुईला बाहेर सोडलं. शेतात मेंढ्या बसवल्या होत्या. खतासाठी कळप काही दिवस रानात बसवायची इथली रीत आहे. मेंढपाळाची काशी नावाची दहा वर्षांची मुलगी कोकरू घेऊन उभी होती. जुई तिच्या मागं गेली.

"वाचनात पुढं आहे," बाई मला म्हणाल्या. "चौथीचं काय, सहावीचं वाचील. गणितात दोन वर्षं मागं आहे. भागाकार मुळीच येत नाही. कावून सांगू?"

त्यांनी जुईची गणिताची वही माझ्यापुढं उघडली.

"तुम्ही शिकवलाच नाही. वहीत बघितलं मी. गुणाकार चाळीस पानं, आणि भागाकार आला की चित्रकला सुरू. तुम्हाला शिकवता येईना, म्हणून टाळलात."

ते अक्षरशः खरं होतं. मला रडू आवरेना. दोन वर्षं जी भीती मी स्वतःलासुद्धा सांगितली नव्हती ती एका बाईनं अर्ध्या तासात वहीतून वाचली. बाईंनी समजूत घातली नाही. आत जाऊन ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी घेऊन आल्या. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. ते पाण्यात कालवून उकळलं की दाट, झणझणीत आमटी होते. रडून झाल्यावर खायला याहून चांगलं काही नसेल.

जेवून मी मेंढ्यांच्या बाजूला गेले. काशीची आई सुंदरा बाभळीच्या सावलीत लोकर निवडत बसली होती. माझ्याच वयाची असेल. दोन्ही पोरी पलीकडं बांधावर दिसत होत्या.

"तुमची पोरगी शाळंत जात न्हाई म्हनं," ती म्हणाली. "कावून?"

मी चिकटपट्टीचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"आमी चार म्हैने इथं, चार म्हैने तिकडं. आमच्या पोरीला शाळा घावत न्हाई. अन् तुमी घावलेली सोडली." ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "म्या बी सोडलती. पाचवीत."

"तुम्ही कशानं सोडली?"

तिनं मानेनं घराकडं दाखवलं. "ह्या बाईनं. पाढा चुकला म्हनून पोटरीवर छडी वडली. रगत आलं. दुसऱ्या दिशी म्या मेंढराबरुबर गेलते, ती गेलेच."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "ह्याच बाई?"

"ह्याच. आता काशीला शिकवतेत. आमी हितं आसतो तवर रोज. म्या समोर बसते लोकर घिऊन. त्यांच्या हातात छडी आली की उठायचं, एवढंच धेनात ठिवलंय. चार वर्सं झाली, आली न्हाई."

मी तिथून उठले. जिच्यापासून लेकीला वाचवायला शाळा सोडली, तसल्याच बाईच्या ओसरीवर मी तिला आणून बसवलं होतं. वर तिची पाटी चालू असताना मनात म्हणत होते की किती समंजस आहेत या. आता बॅग भरायची, मिळेल ती बस धरायची, एवढंच मला सुचलं. मी जुईला हाक मारली.

बांधावर कोणी नव्हतं.

मी पुन्हा हाक मारली. सुंदरानं काशीला हाक दिली. नुसत्या मेंढ्या ओरडल्या. जुईला हाका मारून काय उपयोग, हे मला तेव्हा आठवलं. ती उत्तर देणारच नव्हती. कुठं पडली, अडकली, तरी ती कुणाला हाक मारणार नव्हती.

"हिर हाय त्या अंगाला," सुंदरा म्हणाली आणि पळायला लागली.

तिकडच्या विहिरी मी येतानाच पाहिल्या होत्या. जमिनीला सपाट, कठडा नसलेल्या, भर रानात अचानक तोंड उघडलेल्या. मी सुंदराच्या मागं धावले. चप्पल कुठं गेली कळलं नाही, करडईचे काटे पायात जात होते. विहिरीच्या काठावर सुंदरा पालथी पडून आत बघत होती. मला वाकवेना. मी तिच्या पाठीकडं बघत उभी राहिले. ती पाठ कशी हलते यावर माझं सगळं ठरणार होतं.

"न्हाई," ती उठत म्हणाली. "पानी हाललेलं न्हाई. दुसरी बघू."

दुसऱ्या विहिरीवर प्रयागबाई आमच्या आधी पोचल्या होत्या. सत्तरीची बाई विहिरीच्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेली होती. खालून त्यांचा आवाज आला, "इथं नाहीत!" त्या आवाजात वर्ग राहिला नव्हता.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मंगेशला फोन करायला मी मोबाईल काढला आणि परत ठेवला. काय सांगणार होते? मग रस्त्याच्या बाजूनं मोटारसायकलचा आवाज आला. मागच्या बाजूला पेरूच्या दोन पाट्या बांधलेली गाडी, चालवणारे पांढऱ्या दाढीचे एक चाचा, पुढं टाकीवर काशी, एक पाय वर धरलेला. आणि गाडीच्या बाजूनं, तोंडाला फेस येईपर्यंत धावत, जुई.

कोकरू ओढ्याकडं पळालं, काशी त्याच्यामागं उतरताना घसरली, घोटा सुजला. तिला उठता येईना. हे सगळं चाचांनी सांगितलं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"कळलं म्हंजी? ही पोरगी रस्त्यात आडवी झाली ना गाडीला. म्या म्हनलं मरती का काय. थांबा काका म्हनली, काशी पडलीय म्हनली, प्रयागबाईंचं शेत म्हनली."

"ही बोलली?"

"बोलली न्हाई ताई, वरडली."

मी खाली बसले. जुईनं माझ्याकडं बघितलं, मग काशीच्या पायाकडं. बाई घोट्याला पट्टी बांधत होत्या. त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. जुई त्यांच्याजवळ जाऊन हळूच, अगदी हळूच म्हणाली, "जास्त घट्ट नका बांधू." बाईंनी पट्टी सैल केली.

दुसरा दिवस

बस मी धरली नाही, रात्री बाईंकडंच राहिलो. सकाळी पोरी उठायच्या आत बाईंना विचारलं, "सुंदरा म्हणते ते खरं आहे?"

"खरं आहे." त्या चुलीपुढं होत्या, वळल्या नाहीत. "ती दुसऱ्या दिवशी आली नाही. मी बोलवायला गेले नाही. पटावरचं एक नाव कमी झालं, एवढंच. मी निवृत्त झाल्यावर तिचा नवरा इथं मेंढ्या बसवायला आला. मी तिला ओळखलंसुद्धा नाही. तिनं ओळखलं. पोटरी दाखवली मला."

"मग?"

"मग काय. काशीला पाठव म्हटलं. ती म्हणाली, मी समोर बसणार. म्हटलं बस." बाईंनी भाकरी उलटली. "अशी किती असतील, मला आठवतसुद्धा नाहीत. हीच एक परत आली. तुम्ही पोरगी माझ्याकडं देत नाही म्हणालात तर मला राग नाही. दिली तर तुम्ही पण समोर बसा."

मी जाऊन जुईला उठवलं. काशी पाय उशीवर ठेवून आणि जुई तिच्या शेजारी, अशी त्या दिवशी शिकवणी झाली. बाईंनी हरभऱ्याचे घाटे दोघींपुढं ओतले आणि सारखे वाटे करायला लावले. उरले ते बाजूला. एका बाजूला सुंदरा लोकर घेऊन बसली, तिच्या शेजारी मी. बाईंच्या हातांकडं दोघींची नजर. तासाभरानं जुईनं अठ्ठावन्नला सहानं भागून बाकी चार काढली. चुकून नव्हे, मी दोनदा मोजून बघितलं. सुंदरानं मला कोपरानं ढोसलं. "जमलं की."

निघताना सुंदरानं ज्वारीचा हुरडा बांधून दिला. ती माझ्याशी जे बोलली ते मी कुणाजवळच बोलले नव्हते. "भ्या मलाबी वाटतंय. काशी मोठी झाली म्हंजी ह्ये शिकून काय करील, कुनाला ठावं. पर भ्या वाटलं म्हनून उठून गेलं तर पोरीचा धडा बुडतो."

मिरज

परत येऊन दोन महिने झाले. जुई अजून दुकानदाराशी बोलत नाही. दर शनिवारी फोनच्या पडद्यावर प्रयागबाईंशी बोलते, तेही बहुतेक आकड्यांत. मी समोर बसते. मंगेशला मी सगळं सांगितलं, छडीचंही, दोन वर्षं मागं असल्याचंही. त्यानं जुईची वही मागून घेऊन चाळली. मग म्हणाला, "जूनची मुदत सोडून दे. पण लपवायचं नाही इथून पुढं." रात्री मला अजूनही दचकून जाग येते आणि विहिरीचा काठ दिसतो.

गेल्या मंगळवारी सकाळी शमीमआपांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"राजश्रीताई, गल्लीत शाळेतल्या दोन बाया आल्यात. घरोघर विचारतेत, कुणाची पोरं शाळेत न्हाईत. यादी करतेत. मी आतून कडी लावलीय. पोरांना मागच्या खोलीत बसवलंय, आवाज करू नका म्हटलं." त्या कुजबुजत होत्या. "मालक बाहेरगावी गेलेत. काय करू?"

कायदा घरी शिकवण्याला स्पष्ट हो म्हणत नाही आणि स्पष्ट नाहीही म्हणत नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. आजवर घाबरून मी विचारायचे आणि आपा सांगायच्या. त्यांना धीर द्यायला मी कोण, असं मनात आलं. पण फोनवर दुसरं कुणी नव्हतं.

"आपा, पोरांना मागं कशाला बसवलंत? पुढं आणा. वह्या बाहेर काढा, सगळ्या. प्रयागबाईंना मी दुसऱ्या फोनवरून कळवते, त्या निघतील. बायांना आत घ्या, पाणी द्या, आणि जे आहे ते सांगा. काय शिकवता, कसं शिकवता."

"त्या नावं लिहून नेतील."

"नेऊ देत. जे खरं आहे तेच लिहितील ना."

"मला लई भीती वाटतीय."

"मलापण. फोन ठेवू नका. चालू ठेवा आणि खिशात टाका, मी इथंच आहे."

बराच वेळ नुसता कापडाचा आवाज येत राहिला. लांबून दारावर थाप पडली. आपांनी एक श्वास घेतला, तो मला ऐकू आला. मग कडी निघाली.

"या," त्या म्हणाल्या. "आत या. पोरं अभ्यासच करायलीत."